बारीक पांढरी तार

लॅपटॉपच्या चार्जिंगचं सॉकेट सैल झालं ते माझ्या पायानं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात बाहेरच्या खोलीत प्लगपॉइंट एकच, तोही दाराशी. तिथून वायर आडवी ओढून मी जेवणाच्या टेबलावर कामाला बसते. जूनमधल्या एका संध्याकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी घाईनं उठले आणि पाय वायरीत अडकला. लॅपटॉप खाली पडला नाही, पण तो सगळा हिसका टिचभर सॉकेटनं झेलला. त्यानंतर पिन एका ठरावीक कोनात धरली तरच दिवा लागायचा. पंधरा दिवस मी वायरीखाली घडी घातलेला कागद सारून काम रेटलं. मग कागदानंही भागेना.

मी गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून गुजरातीत भाषांतरं करते. बडोद्यात या कामाला तोटा नाही. जुनी वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, संस्थांचे अहवाल, शाळांच्या पुस्तिका, काही ना काही येतच असतं. लॅपटॉप बंद म्हणजे माझे हातच बांधल्यासारखे.

रावपुऱ्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दुरुस्तीचं दुकान आहे. चालवणारा मुलगा पंचविशीचा, बोलायला मऊ. त्यानं पिन घालून हलवून बघितली आणि म्हणाला, "बेन, जेक गयो छे. नवो नाखी आपुं." खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर लॅपटॉप चालू करून दाखवला. नवं सॉकेट घट्ट, दिवा लागलेला, एकेचाळीस टक्क्यांचे बघता बघता बेचाळीस झालेले. मी पैसे दिले, घरी आले, जेवणं उरकली आणि रात्री काम काढलं, तर दिवा नाही.

लॅपटॉप चालत होता. वायर लावलेली असली की भिंतीतल्या विजेवर, काढली की बॅटरीवर. फक्त बॅटरी भरत नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात प्लग लावल्याची खूण दिसायची आणि शेजारीच चार्ज होत नसल्याची सूचना. बंद करून पुन्हा सुरू केला की अगदी सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक निरोप यायचा: ॲडॉप्टर किती वॉटचा आहे ते ओळखता येत नाही. मी एक कळ दाबून पुढे जायची. सगळा उलगडा त्या एका ओळीत होता आणि मी ती तीन आठवडे रोज ओलांडत होते.

जे सगळे सांगतात ते करून झालं. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सेटिंग कुठे चालू नाही ना ते पाहिलं, वायर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, अपडेटही केलं. फरक शून्य.

दुकानात पुन्हा नेला. मुलानं त्याच्या टेबलावर पिन लावली आणि दिवा लागला! "जुओ बेन, थाय छे ने." घरी आणला, पुन्हा अंधार. तिसऱ्या फेरीला तिथेही लागला नाही, तेव्हा त्यानं बॅटरी बदलायला सांगितली. चौथ्या फेरीला तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "हवे तो बोर्ड ज हशे." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, आतली मुख्य सर्किटपट्टी. त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर जात होता.

तो मला फसवत नव्हता. त्याच्या फळीवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेले वीसेक लॅपटॉप होते आणि जिन्यात माणसं उभी होती. अशा दुकानात शोध घेण्यापेक्षा भाग बदलून बघणं लवकर होतं. पण भाग बदलून बघण्याचे पैसे गिऱ्हाईक देतं, आणि नवा भाग घालूनही तेच राहिलं तर संशय पुढच्या, आणखी महागड्या भागावर सरकतो. माझा संशय सरकत सरकत बोर्डापर्यंत पोचला होता आणि मी मनातल्या मनात पैशांची जुळवाजुळव करायला लागले होते.

अण्णा हे सगळं खुर्चीत बसून ऐकत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, वय एक्याऐंशी. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही आणि हातही थरथरतात. पण त्यांनी सदतीस वर्षं कलाभवनात विजेच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. कलाभवन आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, राजमहाल रोडवर. सयाजीराव महाराजांनी ते १८९० मध्ये काढलं. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. ते रसायनशास्त्राचे, आणि हातांनी करायच्या विद्या आपल्या लोकांना आपल्या भाषेत शिकवाव्यात या मताचे. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम असं तिथे शिकवलं जायचं. दादासाहेब फाळके तरुणपणी तिथे शिकून गेले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्यात तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीची विद्याशाखा म्हणून सामील झालं. अण्णा तिथल्या प्राध्यापकांपैकी नव्हेत. ते प्रयोगशाळेतले. मुलांच्या परीक्षेआधी रात्री बसून ते चांगल्या चालणाऱ्या सर्किटमध्ये एकेक खोड करून ठेवायचे. एखाद्या रेझिस्टरचा पाय उचलून ठेव, एखादा सोल्डरचा डाग कच्चा ठेव. दुसऱ्या दिवशी मुलांनी ती खोड शोधायची. ज्यानं अंदाजानं बरोबर भाग बदलला त्याला ते कमी गुण द्यायला सांगायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून भेटले की सांगतात.

चौथ्या फेरीहून मी परतले तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "बंद पडलाय, बंद पडलाय म्हणतेस. चालतो ना तो?"

"चालतो हो अण्णा, पण चार्ज होत नाही."

"मग तसं म्हण. काय होतं आणि काय होत नाही, दोन्ही लिही."

पाठकोऱ्या कागदावर मी दोन रकाने केले. लिहायला बसल्यावर जाणवलं, की 'होतं' या रकान्यात बरंच काही आहे. लॅपटॉप वायरीवर चालतो. म्हणजे भिंतीपासून आतपर्यंत वीज पोचते. 'होत नाही' मध्ये बॅटरी भरत नाही, आणि मग आठवून आठवून मी लिहिलं, सुरुवातीला ॲडॉप्टरचा निरोप येतो. आणखी एक गोष्ट आठवली: सॉकेट बदलल्यापासून लॅपटॉप भयंकर संथ झाला होता. तो पाच वर्षांचा झाला म्हणून असेल असं मी धरून चालले होते.

"संथ? कधीपासून?" अण्णांनी विचारलं. तारीख सांगितली तर ते म्हणाले, "एकाच दिवशी दोन दुखणी येत नाहीत. एकाच दुखण्याची दोन लक्षणं असतात."

मग त्यांनी वाट काढायला सांगितली. भिंत, ॲडॉप्टर, पिन, सॉकेट, सॉकेटपासून बोर्डापर्यंतच्या तारा, बोर्डावरची चार्जिंगची चिप, बॅटरी. मी एका ओळीत लिहिलं आणि भिंतीपासून सुरुवात करू म्हटलं. अण्णांनी मान हलवली. "टोकापासून जाऊ नये. मधे हात घालावा." रेडिओ दुरुस्त करताना ते व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला पेचकस टेकवून त्याच्या धातूला बोट लावायचे. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज आला की तिथून पुढचं सगळं शाबूत, दोष त्याच्या मागे. एका स्पर्शात अर्धा रेडिओ संशयातून मोकळा. लहानपणी मला तो आवाज आवडायचा, म्हणून मीही त्यांच्याजवळ बसून बोट लावायचा हट्ट करायची. त्यामागे एवढा हिशोब होता हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

लॅपटॉपमध्ये मधे हात कसा घालणार? अण्णांना लॅपटॉपमधलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी तो कधी उघडून पाहिला नव्हता. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. "दुकानात पहिल्या दिवशी बॅटरी भरताना तू डोळ्यांनी पाहिलीस?"

"पाहिली. एकेचाळीसचे बेचाळीस झाले."

"मग बॅटरी चांगली. तिला भरणारा भागही चांगला. जळालेली वस्तू अधूनमधून बरी होत नाही. जे कधी लागतं नि कधी लागत नाही, ते कुठेतरी हलतंय."

मी त्या वाक्यावर थांबले. पंधरा हजारांचा बोर्ड माझ्या डोक्यावरून त्या क्षणी उतरला, खरंच सांगते. दुकानातही तो मुलगा तेच बघत होता, मीही तेच बघत होते, पण 'एकदा लागला होता' ही गोष्ट आम्ही दोघांनी योगायोग म्हणून बाजूला टाकली होती. अण्णांनी तिलाच पुरावा मानलं.

पुढचे दोन दिवस मोजमापात गेले. अण्णांचा काळा, काट्याचा मोटवाने मीटर कपाटातून काढला, नवे सेल घातले. ॲडॉप्टरवर छापलं होतं १९.५ व्होल्ट, ३.३४ ॲम्पिअर, म्हणजे गुणाकार केला तर ६५ वॉट. पिनच्या आतल्या भिंतीला एक टोक आणि बाहेरच्या भिंतीला दुसरं लावलं, काटा एकोणीस-वीसच्या मधे जाऊन थांबला. "भार नसताना कोणीही खरं बोलतो," अण्णा म्हणाले. पण लॅपटॉप त्यावरच चालत होता, म्हणजे भारही पेलत होता. तरी खात्रीसाठी भाच्याकडून तसाच ॲडॉप्टर मागून आणला. निरोप तोच. ॲडॉप्टर संशयातून सुटला.

पिनमध्ये टोक घालताना मला पहिल्यांदा नीट दिसलं, की त्या पोकळ नळीच्या मधोमध सुईएवढी एक बारीक पिन आहे. एक भिंत धन, एक ऋण, मग ही तिसरी कशासाठी?

ती ओळखीसाठी. या जातीच्या ॲडॉप्टरच्या पोटात स्मृती असलेली एक छोटी चिप बसवलेली असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं, की मी अमुक वॉटचा आहे. पिन लावली की लॅपटॉप त्या मधल्या पिनवरून विचारतो आणि चिप त्याच एका तारेवरून उत्तर देते. उत्तर मिळालं की लॅपटॉप निर्धास्त होतो, स्वतः पूर्ण वेगानं चालतो आणि वर बॅटरीही भरतो. उत्तर नाही मिळालं तर समोर पंचेचाळीस वॉटचा आहे की पासष्टचा, त्याला कळत नाही. कमी ताकदीच्या ॲडॉप्टरकडून जास्त खेचलं तर तो तापतो, बंद पडतो, म्हणून लॅपटॉप सावध राहतो. स्वतःचा वेग कमी करतो, जेमतेम चालण्यापुरती वीज घेतो आणि बॅटरीला हात लावत नाही. तो संथपणा आणि ती न भरणारी बॅटरी, दोन्ही याच सावधपणातून आलेली. बिघाड होता फक्त त्या उत्तराच्या वाटेत. नव्या लॅपटॉपना जे टाइप-सी सॉकेट असतं, त्यातही असं बोलणं होतंच. आधी फक्त पाच व्होल्ट मिळतात, दोघांचं ठरलं की मग वीसपर्यंत चढतात.

अण्णांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे तीन तारांपैकी दोन धड आहेत. तिसरी बघ." आता सात घरांची वाट एका तारेवर आली होती.

पण उघडण्याआधी त्यांनी आणखी एक काम लावलं. दुकानात आणि घरात फरक काय? टेबल, प्लग, हवा, काहीही. मी डोळे मिटून तो मुलगा आठवला. तो लॅपटॉप तपासताना पडदा पार मागे पाडून ठेवायचा, त्याच्या अरुंद टेबलावर तसंच सोयीचं होतं. मी घरी पडदा उभा ठेवते. मग दहा वेळा पडदा मागे टाकून पिन लावली: सात वेळा दिवा लागला. दहा वेळा पडदा उभा ठेवून लावली: एकदाही नाही. वीस ओळी कागदावर लिहिल्या आणि मला घाम फुटला. अण्णांना सांगायला गेले तर त्यांचा डोळा लागला होता. मी वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला असताना लॅपटॉप उघडला. वायर काढलेली. मागचं झाकण निघाल्याबरोबर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं, कारण बॅटरी जोडलेली असताना आत मीटरचं टोक घसरलं तर चांगला बोर्ड जायचा. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवला, हीसुद्धा अण्णांची सवय. माझ्या लॅपटॉपचं सॉकेट बोर्डावर डाग देऊन बसवलेलं नव्हतं. ते पाच तारांच्या तोकड्या जुडग्यावर होतं आणि जुडग्याचं दुसरं टोक बोर्डात खोचलेलं. दोन लाल, दोन काळ्या आणि एक बारीक पांढरी. सॉकेट बरोबर पडद्याच्या बिजागरीखाली.

जुडगं बोर्डातून काढलं. मीटर ओहमवर, म्हणजे तार सलग असली की काटा शून्यावर. अण्णांची खुर्ची टेबलाशी ओढली. त्यांना काटा दिसत नव्हता, म्हणून मी बोलत होते.

"लाल, शून्य. दुसरी लाल, शून्य. काळी, शून्य. काळी, शून्य."

"आता ती."

सॉकेटच्या मधल्या भोकात टाचणी घातली, तिला एक टोक लावलं, दुसरं टोक पांढऱ्या तारेच्या शेवटी. "काटा हलत नाही, अण्णा."

"बिजागरी सैल कर."

बिजागरीच्या पायाचे दोन स्क्रू सैल केले. पाय केसभर उचलला आणि काटा सर्रकन उजवीकडे जाऊन शून्यावर बसला. दाबला, परत आला. मी काही बोललेच नाही. अण्णा म्हणाले, "आला ना?" काट्याचा टिक असा आवाज त्यांना ऐकू आला होता.

पाय पूर्ण उचलला तेव्हा दिसलं. पांढरी तार तिच्या खाचेतून बाहेर येऊन धातूच्या पायाखाली सापडली होती. वरचं प्लास्टिक कुठे फाटलेलं नव्हतं, फक्त चपटं झालं होतं. आतला तांब्याचा धागा तुटून एकमेकांना टेकत-सुटत होता. पडदा उभा केला की पाय दाबायचा, मागे टाकला की जरा सैल व्हायचा.

तार जोडायचं काम मी केलं नाही. तेवढा बारीक डाग मला जमला नसता आणि अण्णांच्या हातांवर आता भरवसा नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. लॅपटॉप तसाच उघडा, स्क्रूंचा कागद आणि वीस ओळींचा कागद घेऊन मी रावपुऱ्यात गेले.

मुलानं भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आ तो में ज दबाव्यो छे, बेन." त्यानं ड्रॉवरमधून नवं जुडगं काढलं, प्रत्येक तार खाचेत बसवून वरून कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी चिकटपट्टी, लावला, बिजागरी आवळली. या वेळी त्यानं पडदा मागे टाकून पाहिला, उभा करून पाहिला, अर्धा मिटवून पाहिला. दिवा लागला, दर वेळी. पैसे घेतले नाहीत.

काम करता करता तो बोलत होता आणि मी ऐकत होते. माझं सोपं होतं म्हणाला, तारांचं. खरी भीती बोर्डावर बसवलेल्या सॉकेटची. कंपनीतून आलेला डाग शिशाशिवायचा असतो, तो २१७ अंशांच्या आसपास वितळतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेला डाग १८३ ला वितळतो. त्यात सॉकेटचे पाय तांब्याच्या मोठ्या थरांना जोडलेले, ते सगळी उष्णता पिऊन टाकतात. डाग पूर्ण वितळायच्या आत कोणी घाईनं सॉकेट ओढलं, तर भोकाच्या आतली तांब्याची नळी पायाबरोबर उपटून येते. वरून नवा डाग छान चमकतो, पण बोर्डाच्या आतल्या थरांशी संबंध तुटलेला असतो, आणि मग लोक बॅटरीला, चिपला दोष देत बसतात. तो आधी आपलं शिशाचं सोल्डर मिसळून जुना डाग मऊ करतो, मग काढतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दोन बोर्ड गमावून शिकला होता. मला वाटलं, अण्णांनी आणि यानं एकदा भेटायला हवं.

तो वीस ओळींचा कागद त्यानं हातात घेऊन वाचला. मराठीत होता, पण आकडे कळले. पडदा मागे, पडदा उभा, लागला, नाही, नाही. "आ कोणे लखाव्युं?" मी म्हटलं, वडिलांनी. कलाभवनात होते. त्यानं मान हलवली आणि कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला.

मी लॅपटॉप पिशवीत घालत होते तेव्हा तो फळीकडे वळला. डावीकडून तिसरा, माझ्याच मॉडेलचा एक लॅपटॉप होता. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर गुजरातीत लिहिलं होतं: जेक बदल्यो, मधरबोर्ड. त्यानं तो खाली घेतला, झाकण उघडलं, बॅटरीचं कनेक्टर सोडवलं आणि बिजागरीचा स्क्रू सैल करायला लागला.